खानदेशचा बालकवि आणि टिळकांचें उघडें घर

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत देवळाचा पाया केव्हां घातला गेला, घंटा केव्हां चढली, पहिले पाद्री कोण, हें सारें यावें असा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्युबिली हा शब्द मुळांत विटांचा नाहीं. लेवीयाच्या पुस्तकांत पन्नासावें वर्ष पवित्र मानावयाचें तें अशासाठीं कीं, विकलेली जमीन मूळ धन्याकडे परत जावी, कर्जापायीं दास झालेला बंधु मोकळा होऊन आपल्या कुळांत परतावा, आणि ज्याचें दार बंद झालें त्याला तें पुन्हां उघडें मिळावें. म्हणून ह्या प्रसंगीं दोन शब्द लिहावयाचे ठरल्यावर आम्हीं एका उघड्या दाराचा इतिहास निवडला. तें दार पिंप्राळ्याचें नव्हे, अहमदनगरचें होतें. मात्र त्यांतून आंत गेलेला मुलगा आपल्या खानदेशचा होता, आणि त्याला तें प्रथम दिसलें तें येथून हांकेच्या अंतरावर, जळगांव शहरांत.

आणखी एक गोष्ट आरंभींच सांगून टाकतों. ज्या दांपत्याविषयीं आम्ही लिहीत आहों तें आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचें नव्हतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक हीं अमेरिकन मराठी मिशनचीं, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळीचीं. आपल्या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत त्यांना स्थान कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पुढें येईल.

पिंप्राळा आज जळगांव महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. आषाढी एकादशीस येथें विठ्ठलाचा रथ निघतो आणि आसपासच्या गांवांतून माणसें लोटतात. १९०६ सालीं जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले व जळगांव हें पूर्व खानदेशचें मुख्य ठाणें झालें. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १९०७ सालीं, जळगांवास कविसंमेलन भरलें. अध्यक्ष होते कर्नल डॉक्टर कीर्तिकर. मोठमोठीं नांवें जमलेलीं. अशा सभेंत एक पोरसवदा मुलगा उभा राहिला आणि त्यानें आपली कविता म्हटली. वय सतरांच्या आंतबाहेर. त्र्यंबक बापूजी ठोमरे असें त्याचें नांव, जन्म धरणगांवचा, १३ ऑगस्ट १८९० चा. वडील पोलिसखात्यांत असल्यामुळें बदलीच्या गांवोगांवीं खानदेशांतच वाढलेला. शिक्षण बेताचें. सभा चकित झाली, आणि अध्यक्षांनीं त्याला ‘बालकवि’ ही पदवी दिली. ती पुढें त्याच्या आडनांवाहून मोठी झाली.

त्या सभेंत टिळकही होते. टाळ्या सगळ्यांनींच दिल्या असतील. कौतुक करणें हें फार स्वस्त असतें. कौतुक केलेल्या माणसाला जेवूं घालणें महाग. टिळकांचा त्या मुलावर जीव जडला, आणि पुढें ठोमरे नगरास टिळकांच्या घरीं जाऊन राहिला. हिंदु ब्राह्मणाचा मुलगा बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मणाच्या घरांत राहतो, ही गोष्ट त्या काळीं किती अवघड होती हें आजच्या तरुण वाचकांस चटकन उमगणार नाहीं. ती उमगावी म्हणून त्या घराचा मागील इतिहास पाहिला पाहिजे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. संस्कृताचे व्यासंगी, वक्ते, कवि. आणि स्वभावानें अत्यंत शीघ्रकोपी व लहरी. एका नोकरींत फार दिवस टिकणें त्यांस जमलें नाहीं. १८९३ सालीं ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां डब्यांतील एका गोऱ्या प्रवाशाशीं त्यांचें संभाषण झालें. त्या गृहस्थानें त्यांना नव्या कराराचें पुस्तक दिलें आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळकांना त्याचें नांव अखेरपर्यंत कळलें नाहीं. पुस्तक मात्र त्यांनीं वाचलें. डोंगरावरील प्रवचनापाशीं ते अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथपर्यंतची कथा अनेक ठिकाणीं मोठ्या उत्साहानें सांगितली जाते. आम्हांला मात्र त्या दिवशीं मुंबईस नसलेल्या व्यक्तीची आठवण होते. लक्ष्मीबाई तेव्हां माहेरच्या माणसांत होत्या, आणि नवरा जिवंत असतां तो मेल्याहून वाईट झाला अशी त्यांची अवस्था झाली. त्यांचें लग्न १८८० सालीं, वयाच्या अकराबाराव्या वर्षीं झालेलें. माहेर नाशिकजवळील जलालपूर. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फांशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांना सोंवळ्याचें विलक्षण वेड लागलें. बाजारांतून आलेला जिन्नस पाण्यानें शुद्ध केल्यावांचून घरांत येऊं नये, असा तो कडेलोट. लक्ष्मीबाईंनीं आपल्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या पुस्तकांत हें सारें हंसत हंसत सांगितलें आहे. पण ज्या मुलीला लहानपणीं तें सोसावें लागलें तिला तेव्हां हंसूं आलें नसेल.

अशा घरांत वाढलेली ही बाई. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर कांहीं वर्षें ती त्याच्यापासून दूर राहिली. त्या काळांत कांहीं दिवस पंढरपुरासही होती. पुढें ती त्याच्याकडे आली ती ख्रिस्ती होण्यास आली नाहीं, नवऱ्याकडे आली. आपलें सोंवळें तिनें बरोबर आणलें, आणि टिळकांनींही तें पाळूं दिलें. घरांत दोन चुली, दोन पाण्याचे सांठे. एक देव्हाऱ्याची पूजा करणारी आणि एक येशूचीं भजनें रचणारा. टिळकांच्या उतावळ्या स्वभावाचा विचार करतां त्यांनीं ह्या एका बाबतींत जी वाट पाहिली तिला आम्ही त्यांचें सर्वांत मोठें ख्रिस्ती कृत्य मानतों. श्रद्धा म्हणजे भरंवसा. आणि जो देवावर भरंवसा टाकतो त्याला दुसऱ्याच्या मनावर सक्ती करण्याची घाई राहात नाहीं.

मग राहुरीस राहात असतां लक्ष्मीबाईंच्या मनाचा पीळ सुटला. तो कोणाच्या उपदेशानें सुटला नाहीं. जाती कोणीं केल्या, देवानें कीं माणसानें, ह्याचा त्यांनीं एकटीनेंच विचार केला, आणि त्या माणसानेंच केल्या असें ठरल्यावर त्या क्षणापासून कोणाच्याही हातचें खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. ही मोकळीक आधीं आली आणि बाप्तिस्मा मागून, १९०० सालीं. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्यांना प्रभूनें प्रथम दिला तो आनंद, एका जुन्या भयांतून सुटल्याचा. मीठ बाटेल, पाणी बाटेल, सांवली पडेल, ह्या भीतीचें ओझें पाठीवरून उतरलें, आणि तेव्हां कोठें दुसऱ्याचें मूल उचलून घेण्यास त्यांचे हात रिकामे झाले.

आणि उचलून घेण्याजोगीं मुलें तेव्हां थोडीथोडकीं नव्हतीं. ज्याला आपल्याकडील म्हातारीं माणसें ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणत, तो १८९९–१९०० चा दुष्काळ नगर जिल्ह्यावर कोसळला होता, आणि आपल्या खानदेशासही त्यानें सोडलें नाहीं. आईबाप मेलेलीं किंवा पोट भरेना म्हणून टाकून दिलेलीं पोरें रस्त्यावर हिंडत होतीं. टिळकांच्या घरीं त्यांतलीं कित्येक आलीं. त्यांना न्हाऊं घालणें, उवा काढणें, खरूज धुणें, हें सारें जलालपूरच्या त्या सोंवळ्या घरांतील मुलीच्या हातून झालें.

येथें आम्हांला एक कबुली द्यावीशी वाटते. टिळकांच्या दानशूरपणाच्या गोष्टी ऐकतांना आम्हांस पूर्वीं फार आनंद होत असे. हातांत पैसा टिकावयाचा नाहीं, दारीं आलेल्याला नाहीं म्हणावयाचें नाहीं, खिशांत आहे तें समोरच्याचें! ‘स्मृतिचित्रें’ वाचल्यावर त्या आनंदांत थोडा खडा लागला. कारण औदार्य लिहिलें जातें एकाच्या नांवें आणि तें शिजतें दुसऱ्याच्या चुलीवर. नवरा पाहुणा घेऊन येई. पीठ किती उरलें आहे हें बायकोला ठाऊक असे. त्याबद्दल लक्ष्मीबाईंनीं नवऱ्याला सोडलेलें नाहीं. त्यांच्या चक्रमपणाचे किस्से त्यांनीं बिनदिक्कत मांडले आहेत. पण त्या सबंध पुस्तकांत कडूपणा असा नाहीं. भांडण आहे, रुसवा आहे, तुटलेले संसार पुन्हां पुन्हां मांडणें आहे, आणि सगळ्याच्या मुळाशीं एक खळखळतें हंसूं आहे. सुखांतून आलेलें हंसूं आपण ओळखतों. हें त्या जातीचें नव्हे. पदरीं कांहीं नसतां देवाच्या पदरांत आहों हें ज्याला पटलें आहे त्याचें तें हंसूं आहे.

अशा घरांत ठोमरे आला. टिळक १९०४ पासून नगरास राहात होते, आणि त्यांच्या घराला वाड्याची शोभा नसली तरी वाड्याची वर्दळ होती. मुलगा दत्तु, पदरीं घेतलेलीं मुलें, येणारेजाणारे कवि, उपदेशक, भिकारी. ह्या गर्दींत हा खानदेशी मुलगा: लहरी, हट्टी, घटकेंत हंसणारा, घटकेंत तोंड फिरवून बसणारा. टिळकांना ‘फुलांमुलांचे कवि’ म्हणत. तेव्हां फुलांच्या ह्या वेड्याशीं त्यांची तार जुळली तर नवल नाहीं. परंतु मुलगा नुसत्या काव्यचर्चेवर जगत नसतो. त्याचा रुसवा काढणें, त्याला वेळेवर जेवूं घालणें, हें काम लक्ष्मीबाईंकडे आलें. ठोमऱ्याविषयीं त्यांनीं जें लिहिलें आहे तें एखाद्या आईनें लिहावें तसें आहे: दोष झांकलेले नाहींत, आणि माया लपलेली नाहीं.

आतां जी गोष्ट आम्हांला ह्या सर्व इतिहासांत सर्वांत मोलाची वाटते ती ही. ठोमरे हिंदु म्हणून ह्या घरीं आला, आणि हिंदु म्हणूनच बाहेर पडला. टिळक कांहीं धर्मप्रसाराविषयीं उदासीन नव्हते. तें तर त्यांचें जीवितकार्य. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचें संपादन त्यांच्याकडे होतें, आणि त्यांचें बोलणें-लिहिणें येशूवांचून दुसऱ्या विषयावर फार वेळ ठरत नसे. तरीसुद्धां ह्या मुलाला दिलेल्या भाकरीवर त्यांनीं किंमतीची चिठ्ठी लावली नाहीं. मिशनऱ्याच्या घरीं राहिला तो बाटला, असें म्हणणारे लोक त्या काळीं पुष्कळ होते; आणि मोबदल्याच्या आशेनें भाकरी देणारे ख्रिस्ती लोक मुळींच नव्हते असें आपण छातीवर हात ठेवून म्हणूं शकणार नाहीं. म्हणून ह्या घराचा दाखला दोन्ही पक्षांना उत्तर म्हणून उभा आहे. पांच भाकरी वांटतांना प्रभूनें गवतावर बसलेल्या लोकांची कोणती परीक्षा घेतली होती?

ठोमऱ्याच्या कवितेंतील आनंद टिळकांनीं त्याला दिला, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. ‘फुलराणी’, ‘श्रावणमास’, ‘आनंदी आनंद’ ह्या कवितांचा झरा त्याच्या स्वतःच्या अंतःकरणांतील होता; आणि त्याच अंतःकरणांत ‘पारवा’ लिहिणारी काळीकुट्ट उदासीनताही होती. परंतु उदास मुलाला रागावून हांकून न देणारें एक घर मिळालें, एवढें तरी निश्चित म्हणतां येईल.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळतों. टिळक राहुरीस व नगरास होते त्याच काळांत, त्याच जिल्ह्यांत, आपले येशूसंघीय जर्मन फादर काम करीत होते. राहुरी तालुक्यांतील केंदळ हें त्यांचें एक मुख्य ठिकाण. तेथूनच १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग ह्यांनीं ‘निरोप्या’ मासिक सुरूं केलें, जें आपल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या आलें. जळगांवास कविसंमेलन भरलें त्याच १९०७ सालीं हे डोरिंग पुण्याचे महागुरुस्वामी झाले. दोन्ही मिशनें एकाच दुष्काळांतून गेलीं. दोघांनींही एकाच मातींतील अनाथ मुलें सांभाळलीं. तरी तीं एकमेकांकडे सख्ख्या भावांसारखीं पाहात नव्हतीं. आपल्याकडील जुन्या मंडळींस प्रॉटेस्टंटांचें पुस्तक हातीं धरणेंही चालत नसे, आणि त्यांच्याकडेही आपल्याविषयीं कांहीं बरें बोललें जात नसे. तेंही एक प्रकारचें सोंवळेंच होतें. १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ख्रिस्ती ऐक्याविषयीं जो हुकूमनामा काढला त्यांत वेगळ्या झालेल्या बांधवांच्या जीवनांत पवित्र आत्म्यानें केलेलें कार्य ओळखावें व त्यापासून आपणही बोध घ्यावा असें स्पष्ट सांगितलें आहे. १९८७ सालीं पुणें धर्मप्रांतांतून नाशिकचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि जळगांव, धुळें हे जिल्हे त्यांत आले. म्हणजे ज्या नगर-नाशिकच्या भूमींत टिळकांचें आयुष्य गेलें ती आणि आपली भूमि आज एकाच महागुरुस्वामींच्या छायेखालीं आहे. त्या भूमीचा वारसा वांटून घेतांना टिळकांचें घर तेवढें कुंपणाबाहेर ठेवणें आम्हांला जमलें नाहीं.

शिवाय ह्या घराचा आणि आपल्या परंपरेचा एक जुना धागा आहे. मराठींत ख्रिस्तचरित्र गाणारे पहिले थोर कवि आपले फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडांत जन्मलेला हा येशूसंघीय १५७९ सालीं गोव्यास आला, आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ ओवींत छापून निघालें. तीनशें वर्षांनीं टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें तें त्याच ओढीनें: ह्या देशाच्या माणसाला प्रभु ह्या देशाच्या वाणींत भेटावा. तुकोबाच्या अभंगांतून आपण ख्रिस्तापर्यंत पोंचलों असें टिळक मानीत. पिंप्राळ्याचा रथ पाहतांना आम्हांला ही गोष्ट पुष्कळदां आठवते.

१९१७ सालीं टिळकांनीं आपल्या भरंवशाची शेवटची कसोटी घेतली. मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ति धरली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा झालेल्यांस आणि न झालेल्यांसही, येशूला गुरु मानणाऱ्या सर्वांस, जागा होती. वय पंचावन्नाच्या पुढें, प्रकृति ढांसळलेली, घरांत शिल्लक नाहीं. शहाणा मनुष्य ह्या वयांत पेन्शनीचा हिशेब करतो. आकाशांतील पांखरांविषयींचें प्रभूचें वचन आपण दरवर्षीं देवळांत ऐकतों, मान डोलावतों आणि घरीं येऊन कुलूप तपासतों. ह्या माणसानें तें वचन अक्षरशः घेतलें. त्यांत शहाणपण किती होतें ह्याबद्दल आम्हांमध्येंही मतभेद आहेत. लक्ष्मीबाईंच्या वांट्याला त्यामुळें काय आलें असेल ह्याचा विचार आमच्यांतील बायामाणसांनीं आधीं केला, आणि तो बरोबरच होता.

पुढच्या वर्षीं, ५ मे १९१८ रोजीं, ठोमरे आपल्या ह्याच भागांत, जळगांव आणि भुसावळ यांच्या दरम्यान भादली स्टेशनावर आगगाडीखालीं सांपडून गेला. वय अवघें सत्तावीस. ज्या जळगांवांत अकरा वर्षांपूर्वीं त्याच्या नांवाचा जयजयकार झाला त्याच जळगांवच्या परिसरांत तो संपला. आणखी एका वर्षानें, ९ मे १९१९ रोजीं, टिळकही मुंबईस निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलें. थोडेसेच अध्याय झाले होते.

लक्ष्मीबाई शाळेंत गेलेल्या नव्हत्या. नवऱ्यानें लग्नानंतर लिहावाचावयास शिकविलें तेवढेंच. पन्नाशी उलटलेली. पदरीं मुलें, हातीं पैसा नाहीं. त्या बाईनें नवऱ्याचा अपुरा ग्रंथ पुढें ओढला, आणि त्याचा फार मोठा भाग स्वतः रचला. शिवाय ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं. त्यांचे भाग १९३४ पासून निघूं लागले आणि मराठी भाषेनें त्यांना डोक्यावर घेतलें. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिकास त्यांनीं देह ठेवला. ‘ख्रिस्तायन’ दोन वर्षांनीं मुलानें प्रसिद्ध केलें.

आमच्या मंडळींपैकीं ज्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ वाचलीं नसतील त्यांनीं तीं मिळवून वाचावीं; घरांतील म्हाताऱ्यांना संध्याकाळीं मोठ्यानें वाचून दाखविलीं तर अधिक उत्तम, कारण तें पुस्तक मुळांत बोलण्याचें आहे. जळगांवाहून भुसावळास जाणारी गाडी भादलीवरून जाते. कामाधंद्यासाठीं ह्या वाटेनें रोज जाणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. स्टेशन लहान आहे. खिडकींतून पाहावें म्हणेपर्यंत मागें पडतें.